गवतवाल्याचं पान

ज्या वर्षी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली, त्या वर्षी धामणगाव बढ्यात दोन गोष्टी वेळेआधीच संपल्या. एक कापूस आणि दुसरे पत्ते.

कापसाचं समजण्यासारखं होतं. बोंड वरून टपोरं दिसायचं, फोडलं की आत किडकी सरकी. एरवी होळीपर्यंत रेंगाळणारी वेचणी मार्गशीर्षातच आटोपली. लोकांनी पऱ्हाट्या उपटून रचल्या आणि हात मोकळे झाले. मोकळ्या हातांना गावात एकच काम ठाऊक होतं. पारावर चटई पडली, चार कोपऱ्यांना चार माणसं बसली, त्यांच्यामागे बघणारे बसले आणि बघणाऱ्यांच्या मागे त्यांना सल्ला देणारे. महिला मंडळाच्या अध्यक्ष सत्यभामाबाईंनी हे काही दिवस पाहून घेतलं. मग एका सकाळी त्या घरोघर हिंडल्या. उशाखालून, ज्वारीच्या कोठीतून, एका घरी तर देवघरातून त्यांनी पत्ते काढले आणि ग्रामपंचायतीपुढे पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकले.

"किडक्या पऱ्हाट्या जाळता, मंग हे कायले ठेवता?" त्या म्हणाल्या. याला उत्तर सुचेपर्यंत राजेराण्यांची राख झाली होती.

पत्ते जळाले याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते मार्तंडरावांना. गंमत अशी, की त्यांनी त्या पारावर कधी एक डावही खेळला नव्हता.

मार्तंडराव खामगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर ते वडिलांच्या गावी येऊन राहिले. पत्नी स्नेहलताबाई नातवाच्या कौतुकासाठी पुण्याला, मुलगा शंतनूकडे गेल्या होत्या आणि त्यांचं परत येणं दर फोनगणिक पुढे जात होतं. दिवसभर मार्तंडराव वाचत. ऊन उतरलं की पाराशी जाऊन उभे राहत. 'बसा' असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय बसायची त्यांना सवय नव्हती. पत्त्यांवरची पुस्तकं त्यांनी पुष्कळ वाचली होती. पारावरचे पट्टीचे खेळाडू गुलाबराव, पण त्यांचीही चूक मार्तंडरावांना लांबून दिसायची. पण सांगावं की नाही, सांगितलं तर कसं, 'हुकूम आधी काढला असता तर' म्हणावं की 'काढायला हवा होता' म्हणावं, याचा मनात निकाल लागेपर्यंत समोर पुढचा डाव पिसलेला असे. तरी ते उभं राहणं हीच त्यांची माणसांतली जागा होती. तीही जळाली.

पुढचं घडलं ते जावेदभाईच्या कृषी केंद्रात. दुकान सामसूम होतं. अळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे छताला आकाशकंदिलासारखे लटकत होते आणि त्यांत कोळी राहायला आले होते. जावेदभाईनं बिलं करायला घेतलेला कॉम्प्युटर बिलांअभावी रिकामा होता. मलकापूरचा भाचा सुटीत आला तेव्हा त्यात एक खेळ टाकून गेला. दाढीवाला एक घोडेस्वार, जंगल, लांडगे, आणि उंच बुरुजात कोंडलेली राजकन्या. जावेदभाईनं दोन-चार वेळा घोडा लांडग्यांच्या तोंडी दिला आणि नाद सोडला. पण एका सकाळी गुलाबराव आणि त्यांचे पारावरचे जोडीदार रंगराव वेळ घालवायला आले असताना घोडा चुकून एका धर्मशाळेसारख्या घरात शिरला. आत एक एकडोळ्या बसला होता आणि त्याच्या पुढ्यात पत्ते मांडलेले होते.

गुलाबरावांनी चष्मा पुसला. "जावेद, हे काय हाय?"

"पत्तेच दिसतात."

"लेका, मंग लांडगे काऊन दाखवून राह्यला होता आतापर्यंत?"

पत्ते होते, पण आपल्यासारखे नव्हते. पानावर चित्र आणि खाली बारीक इंग्रजी. त्यानं काय होतं, कशानं मरतं, कधी लावायचं, सगळं त्यात. रंगरावांनी अंदाजानं तीन डाव खेळून तिन्ही घालवले. तेव्हा कोणाला तरी गावात इंग्रजी पुस्तकं वाचणारा माणूस असल्याचं आठवलं.

मार्तंडराव दारात आले आणि सवयीप्रमाणे वजनकाट्याशेजारी उभे राहिले. आत एकच रिकामी खुर्ची होती, एका हाताची, आणि तिच्यावर फवारणीचा नमुन्याचा पंप बसलेला होता. जावेदभाईनं पंप उचलून खाली ठेवला.

"बसा, मास्तर."

वाचणाऱ्या माणसाला गाव मास्तरच म्हणतं, त्यात विशेष नव्हतं. विशेष होतं ते 'बसा'. मार्तंडराव खुर्चीच्या कडेवर बसले. दुकान बंद होताना त्यांनी आपल्या हातांनी पंप पुन्हा खुर्चीवर ठेवला, कारण उद्याही बोलावतील असं धरून चालणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. पुढे रोज ते तसंच करत.

पत्त्यांचा कायदा त्यांनी वाचून सांगितला तो असा. मधे पाच वावरं आखलेली. दोघांनी प्रत्येक वावरात एकेक पान पालथं मांडायचं, मग उलटायचं. ज्याचं पान भारी त्याचं वावर. तीन वावरं ज्याची, तो जिंकला, आणि हरलेल्याच्या हातातलं एक पान त्यानं घ्यायचं. नवी पानं फिरत्या व्यापाऱ्याकडून पाकिटानं मिळत. पाकिटात स्वार, तोफा, हत्ती असं जोरदार काही असे, आणि सोबत न चुकता एक भिकार पान. त्यावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक वाकलेला म्हातारा. ताकद एक. गुण काही नाही. खाली लिहिलेलं मार्तंडरावांनी वाचलं, "हा घरी चालला आहे."

रंगरावांनी चित्राकडे पाहिलं, मग मार्तंडरावांकडे. "मास्तर, हे तं तुमीच हा."

सगळे हसले. मार्तंडरावही हसले. वाकलेली पाठ, पुढे आलेली मान, साम्य होतंच. त्या दिवसापासून त्या पानाचं नाव 'मास्तर' पडलं. पाकीट फोडलं की रंगराव ओरडत, "मास्तर फेका", आणि गुलाबराव माउसानं ते पान ओढून वाटेकडेच्या चारीत टाकून देत.

सत्यभामाबाईंना खबर लागायला वेळ लागला नाही. त्या आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"पत्ते काढा."

"निघत नाही बाई," जावेदभाई म्हणाला. "काचेच्या आत हायेत."

बाईंनी काचेवर बोट टेकवून पाहिलं. नेमक्या त्याच वेळी खेळात उजाडलं, आणि खेळात उजाडलं की बुरुजाच्या खिडकीत राजकन्या येऊन रुमाल हलवत असे.

"ते कोण?"

"राजाची पोरगी. डांबून ठेवली हाय."

"कोनं?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मार्तंडरावांनी खेळातली मागची माहिती उघडून वाचली आणि सांगितलं, की बुरुजाला कुलूप आहे, कुलपाला किल्ली म्हणून जात्याचं पान लागतं, आणि ते पान शेवटच्या गावातल्या चक्कीवालीकडे आहे. तिला पत्त्यांत हरवलं तरच मिळेल.

सत्यभामाबाई विचार करत राहिल्या. पत्ते त्यांना सहन होत नव्हते आणि डांबलेली पोरगीही सहन होत नव्हती. अखेर त्यांनी निवाडा दिला. "पोरगी सुटेपर्यंत खेळा. सुटली का हे डबडं बंद. मी रोज येऊन पाहीन."

आणि त्या खरंच रोज येऊ लागल्या. सरकीच्या पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत. "सुटली का?" हा पहिला प्रश्न. "जाऊन राह्यलो बाई तिकडेच," हे गुलाबरावांचं उत्तर, आणि घोडा पुढच्या धर्मशाळेत शिरत असे.

सकाळी वीज यायची आणि दुपारी जोहरच्या अजानच्या सुमारास जायची. जावेदभाईचा इन्व्हर्टर कधीच निजधामाला गेला होता. तेवढा वेळ मैफल. गुलाबराव पानं मांडत, रंगराव विरोध करत, जावेदभाई पाकिटं घेई. मार्तंडराव वाचत.

"हत्ती काय म्हनते, मास्तर?"

"हत्ती शेजारच्या वावरातल्या पानालाही बळ देतो. पण चिखलात असेल तर नाही."

गुलाबरावांचं धोरण साधं होतं. भारी पान पहिल्या वावरापासून ठोकायचं. तोफ, तोफ, हत्ती. "दम खाऊ द्याचा नाही," ते म्हणत. तालुक्यात पत्त्यांत त्यांना जोड नव्हता, आणि एकडोळ्या, कोळ्याची बायको, टकलू पाद्री, सगळे त्यांच्या तोफांपुढे आडवे झाले. असं जिंकत जिंकत एके दिवशी घोडा चक्कीवालीच्या दारात पोचला. ओढ्याकाठी पाणचक्की, आणि उंबऱ्यात पिठानं पांढरी झालेली एक म्हातारी.

पहिला डाव त्यांनी जिंकला. चक्कीवाली हसली आणि म्हणाली, ते मार्तंडरावांनी वाचलं, "माझ्याशी लागोपाठ दोनदा जिंकावं लागतं."

दुसऱ्या डावात तोफ लावली. म्हातारीनं ओलं घोंगडं लावलं. तोफ विझली. हत्ती लावला, तिनं उंदीर लावला. स्वारापुढे गोखरू पेरले. पाचही वावरं गेली. मग रोज तेच. व्यापाऱ्याकडून नवं, महागडं पान आणावं, ते एकदा लागू पडावं, आणि दुसऱ्यांदा म्हातारीच्या हातात त्याच्यावरचा उतारा तयार असावा. तिच्या चित्राखाली लिहिलं होतं, "जे एकदा लागलं, ते हिला पुन्हा लागत नाही."

हे ऐकून जावेदभाई हातातला किल्ल्यांचा जुडगा खेळवायचा थांबला. "हे तं बोंडअळी हाय."

"काय?"

"बोंडअळीच हाय, गुलाबभाऊ. बियान्यात जहर आलं तवा पहिले काही वर्सं पटापट मेली. मंग जे वाचली तिची औलाद सोकावली. आता बोंडातच संसार मांडते." त्यानं फळीवरून गेल्या हंगामातली सरकीची रिकामी पिशवी काढली. "आन् याच्यासंगं ते लहान पाकीट येत होतं, साध्या बियान्याचं. आठवते? कडेनं लावाचं होतं ते. काही अळ्या त्या साध्या कपाशीवर वाढल्या का त्याईची जात कच्ची राह्यते, जहरानं मरते. मी सांगतलं होतं का नाही?"

रंगराव कामगंध सापळ्याकडे बघू लागले.

"लावलं कोनी?"

"माह्यं तं कोंबड्यायनं खाल्लं," रंगराव म्हणाले.

"मी ते पाकीट फोडलंच नाही," गुलाबराव म्हणाले. "फुकटची जागा कोन अडवते साध्या कपाशीनं?"

"म्हून सांगतो. हितं बी तेच केलं आपन. भारी भारी ठोकत गेलो, आन् प्रत्येक पाकिटातला मास्तर बांधावर फेकला. कडेच्या दोन वावरात मास्तर लावा. तिले खाऊ द्या थोडं. मधी भारी ठेवा."

सगळ्यांनी मार्तंडरावांकडे पाहिलं. मार्तंडरावांनी मान हलवली. "शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले. पण त्यांना दिसत होतं, की हे चालणार. आणि चाललं की जात्याचं पान हाती येणार, पोरगी सुटणार, डबडं बंद होणार. गुलाबराव आपल्या ओट्यावर जातील, रंगराव त्यांच्या मागे. पंप पुन्हा कायमचा खुर्चीवर बसेल, आणि आपण आपल्या घरी, मधेच खूण घालून ठेवलेल्या पुस्तकापुढे.

एकच अडचण होती. मास्तर शिल्लक नव्हते. मग घोडा उलटा फिरवला गेला. चारीचारीनं, बांधाबांधानं, टाकलेली पानं वेचत चौघे प्रौढ पुरुष माउस फिरवत बसले. रंगराव पडद्यावर बोट ठेवून दाखवत, "थो पाहा मास्तर, गवतात पडला हाय", "थो एक पान्यात भिजून राह्यला", आणि प्रत्येक वेळी मार्तंडरावांना उगीच आपल्यालाच कोणी तरी उचलतंय असं वाटे. सत्यभामाबाई पोत्यावरून म्हणाल्या, "कापूस येचाले एवढे वाकले असते तं बायाचा तरास वाचला असता." वेचता वेचता घोड्याच्या पाठीवरचं ओझं जास्त झालं आणि स्वार चालतच चक्कीला पोचला.

नवं धोरण लागू पडलं. कडेला मास्तर, मधे तोफा. म्हातारीनं आपल्या साध्या पानांनी कडेची दोन वावरं खाल्ली आणि मधली तीन गमावली. एक डाव जिंकला. लगेच दुसरा लावला, तो थोडक्यात हुकला, कारण हत्ती चिखलात पडला. तो चिखलात पडेल हे मार्तंडरावांना माहीत होतं. त्या वावराखाली 'चिखल' असं लिहिलं होतं आणि वाचताना त्यांनी तेवढा शब्द गिळला होता. आयुष्यभर त्यांनी कोणाला चुकीचं पुस्तक दिलं नव्हतं, पुस्तकाचं एक पान दुमडलं नव्हतं, आणि आज हत्तीच्या बाबतीत ते खोटं बोलले होते. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी दुकानापुढे येऊन उभे होते.

त्या सकाळी वातावरण वेगळंच होतं. पहिला डाव सहज जिंकला. आता दुसरा निकालाचा. सत्यभामाबाई शेंगा बाजूला ठेवून पुढे सरकल्या. "आज सुटते पोरगी," त्या म्हणाल्या.

"हाव," गुलाबराव म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

जावेदभाईनं घसा साफ केला. "कसं लावाचं, मास्तर?"

आजवर त्यांनी फक्त 'काय लिहिलं' एवढंच विचारलं होतं. 'कसं लावायचं' हे कोणी विचारलं नव्हतं. एरवी या प्रश्नानं मार्तंडराव दोन दिवस आनंदात राहिले असते. आता त्यांनी मनातल्या मनात हमखास हरण्याचा मार्ग शोधला आणि तो फार शोधावा लागला नाही.

"माझ्या अल्पमतीप्रमाणे," ते म्हणाले, "पाचही वावरांत मास्तर लावावेत."

हे बोलून त्यांनी डोळे मिटले. आता गुलाबराव म्हणतील, मास्तर, तुमी पुस्तकंच वाचा. रंगराव हसून लोळतील. मग आपण आग्रह धरू का? आपल्याला आग्रह धरता येतो का?

"पाचही?" गुलाबराव म्हणाले.

"पाचही."

तालुक्यातला सगळ्यात तरबेज पत्तेबाज काही क्षण पडद्याकडे पाहत राहिला. "लावा," तो म्हणाला.

"मी बी तेच म्हननार होतो," रंगराव घाईनं म्हणाले, ज्यांनी आजवर गुलाबरावांच्या एकाही पानाला होकार दिला नव्हता.

"माह्यी ना नाही," जावेदभाई म्हणाला, ज्याचं सगळं शास्त्र कडेच्या दोन वावरांचं होतं.

गुलाबरावांनी एकामागून एक पाच म्हातारे मांडले. पाच वाकलेल्या पाठी, पाच गवताचे भारे. चक्कीवालीनंही आपली पानं मांडली. पानं उलटली.

पहिल्या वावरात तिचं ओलं घोंगडं होतं. तोफ विझवायला. तोफ नव्हती. गवतवाल्यापुढे घोंगड्याची ताकद शून्य. दुसऱ्यात उंदीर, हत्तीला बुजवायला. हत्ती नव्हता. शून्य. तिसऱ्यात गोखरू, स्वारासाठी. शून्य. पुढच्या दोन वावरांतही तेच. म्हातारीची साधी पानं हरलेल्या डावांत गेली होती, आणि ती त्यांच्या भारी पानांना इतकी सोकावली होती, की तिच्या हातात त्यांच्या उताऱ्यांखेरीज काही उरलंच नव्हतं. आणि एक हा आकडा कितीही भिकार असला तरी शून्याहून मोठा आहे, हे धामणगाव बढ्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडलं.

पाचही वावरं त्यांची. पडद्यावर आतषबाजी झाली. चक्कीवाली उठली, पीठ झटकलं, वाकून नमस्कार केला आणि जात्याचं पान पुढे केलं.

दुकानात मयतीला जमल्यासारखी माणसं बसली होती. मार्तंडरावांनी हळूच एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गुलाबरावांचे गाल उतरले होते. रंगराव पडलेल्या शेंगा विनाकारण वेचत होते. जावेदभाई इन्व्हर्टरच्या मेलेल्या दिव्याकडे बघत होता. तेव्हा मार्तंडरावांना उमगलं, की हरायला आज ते एकटेच बसले नव्हते.

पडद्यावर एक चौकट आली. "हे काय इचारते, मास्तर?"

आता मात्र मार्तंडरावांनी अक्षर न् अक्षर खरं वाचलं. "हा विजय साठवून ठेवायचा का, असं विचारतंय. ठेवला तर कायमचा. नाही ठेवला आणि मशीन बंद पडलं, तर पुन्हा आज सकाळी जिथे होतो तिथे."

कोणी माउसाला हात लावला नाही.

"तुमचं काय म्हननं हाय?" गुलाबरावांनी विचारलं.

मार्तंडरावांनी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडे आणखी कोणी कोणी पाहिलं ते त्यांनी पाहिलं नाही, पण खुर्च्या करकरल्या. "मला वाटतं, घाई नको," ते म्हणाले. "आधी मुलीपर्यंत पोचू. दार उघडू. मग एकदमच साठवू."

"बराबर हाय," तिघं एका सुरात म्हणाले.

घोडा निघाला. बुरूज टेकडीपलीकडेच होता, पण गुलाबरावांनी ओढ्याच्या वाटेनं घेतलं. "घोड्याले पानी पाजा," रंगराव म्हणाले. घोडा पाणी प्यायला. तो पुष्कळ प्यायला. मग जावेदभाईला आठवलं, की जिंकल्यावर चहा व्हायला पाहिजे, आणि रंगराव स्वतः उठून चहा आणायला गेले. गावातल्या जवळच्या हॉटेलात न जाता ते बसस्टँडवरच्या हॉटेलात गेले, कारण तिथला चहा उकळायला वेळ लागतो. चहा आला. बशीत ओतून, फुंकून, थांबून थांबून प्याला गेला. रंगराव म्हणाले, "घोडं थकलं असंल, उतरून चालत न्या." स्वार उतरला आणि लगाम धरून पायी निघाला.

सत्यभामाबाई सगळं पाहत होत्या. मार्तंडरावांना त्यांच्या नजरेला नजर देण्याचं धाडस झालं नाही.

टेकडी ओलांडली. बुरूज दिसला. खिडकीत राजकन्या आली, तिनं ओळखीच्या माणसाला पाहून हलवावा तसा रुमाल हलवला. दार जवळ आलं, कुलूप दिसलं. गुलाबरावांचा हात जात्याच्या पानावर गेला आणि तिथंच थांबला. बाहेर मशिदीत खरखर झाली. जोहरची अजान सुरू झाली. पंखा मंदावला, आणि पडदा मिटला.

"गेली," गुलाबराव म्हणाले.

मार्तंडराव वळले आणि जे टाळत होते ते अखेर केलं. सत्यभामाबाईंकडे पाहिलं. बाई सोललेल्या तुरीचं भगोणं पदराखाली घेत होत्या. एकेकाच्या तोंडावरून त्यांची नजर फिरली, शेवटी मार्तंडरावांवर येऊन थांबली.

"पुन्हा पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"चक्कीपासून," मार्तंडराव पुटपुटले. "वहिनी, चूक माझी आहे. मीच म्हणालो, नंतर साठवू."

"ऐकलं मी." बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून थोड्या थांबल्या. "तुरी आता सरत आल्या. उद्या भुईमुगाच्या शेंगा आनते. त्या फोडाले वेळ लागते." आणि चपला घालून त्या निघून गेल्या.

जावेदभाईला नमाजाला जायचं होतं. गुलाबराव, रंगराव उठले. मार्तंडरावही उठले, आणि रोजच्या सवयीनं खाली वाकून त्यांनी पंप दोन्ही हातांनी उचलला, खुर्चीवर ठेवायला.

"राहू द्या, मास्तर," जावेदभाई अर्ध्यावर ओढलेलं शटर धरून म्हणाला. "थो पंप खालीच बरा हाय."